घंटा खोटी, धोका खरा

१९७९ सालच्या आषाढातली गोष्ट. मी तेव्हा तिसरीत होतो. पेरण्या उरकल्या होत्या, कापसाचे अंकुर जमिनीवर आले होते आणि आमच्या तलमडुगूच्या परिसरात एक परका शब्द घरोघरी येऊन बसला होता. तो शब्द म्हणजे 'स्कायलॅब'. कोणी 'कायलाप' म्हणे, कोणी नुसतेच आकाशाकडे बोट दाखवी. अमेरिकेने अंतराळात सोडलेली प्रयोगशाळा खाली कोसळणार, ती कुठे पडेल ते खुद्द अमेरिकेलाही ठाऊक नाही, एवढी बातमी आकाशवाणीवरून आली होती. पुढचे सारे लोकांनी आपापल्या परीने जोडले. मराठी घरांत, तेलुगू घरांत, पलीकडच्या गोंडांच्या पाड्यावर, सगळीकडे एकच बोलणे होते, की आता उरलेच किती दिवस? मरायचेच आहे, तर निदान चांगलेचुंगले खाऊन मरू, असे म्हणत गावातल्या कोंबड्या एकेक करून संपल्या. दसऱ्यासाठी राखलेला आमच्या घरचा बोकडही त्याच आठवड्यात गेला.

११ जुलै १९७९ रोजी ती सुमारे ७७ टनांची प्रयोगशाळा वातावरणात शिरून तुटली. तिचे तुकडे काही हिंदी महासागरात आणि काही पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडले. कोणाला खरचटलेही नाही. पुढे दसरा आला तेव्हा आजोबा ओट्यावर बसून म्हणाले, "स्कायलॅब काही पडली नाही, पण बोकड गेला तो गेलाच!"

सारे घर हसले. मीही हसलो. पण पुढे इतिहास शिकताना आणि शिकवताना आजोबांचे ते वाक्य मला वारंवार आठवत राहिले. बातमी खरी होती, भीती खोटी होती. आणि खोट्या भीतीची किंमतही खऱ्या नाण्यांतच मोजावी लागते, हे त्या अडाणी माणसाने किती सहज सांगितले होते!

तेलंगणातल्या खेड्यांतल्या त्या दिवसांवर २०२१ साली 'स्कायलॅब' याच नावाचा तेलुगू चित्रपटही निघाला. तो पाहून आम्ही पुन्हा एकदा पोटभर हसलो. परंतु वाचकहो, त्याच १९७९ सालात, स्कायलॅब पडल्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, आकाशातून येणाऱ्या संकटाची आणखी एक खोटी वार्ता उठली होती. ती आपल्या खेड्यात आली नाही. ती अमेरिकेतल्या एका डोंगराच्या पोटातल्या लष्करी मुख्यालयात आली. ती तेथे खरी मानली गेली असती, तर हसायला कोणी उरले असते की नाही, याची शंकाच आहे.

९ नोव्हेंबर १९७९ ची ती पहाट. उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाचे हे मुख्यालय कोलोरॅडो राज्यात आहे. तेथील पडद्यांवर एकाएकी दिसू लागले, की सोव्हिएत रशियाने क्षेपणास्त्रांचा प्रचंड मारा सुरू केला आहे. लढाऊ विमाने आकाशात झेपावली. युद्धप्रसंगी राष्ट्राध्यक्षांनी ज्यातून सूत्रे हलवायची, ते खास विमानही राष्ट्राध्यक्षांना न घेताच उडाले. मात्र अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष उपग्रह आणि रडार केंद्रांकडे विचारणा केली, तेव्हा कोणालाच काही दिसत नव्हते. सरावासाठी तयार केलेल्या लुटुपुटुच्या हल्ल्याची माहिती चुकून चालू यंत्रात शिरली होती. गणेशोत्सवातल्या नाटकाची तालीम चालू असावी, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याने आतली आरोळी ऐकून खराच खून झाला म्हणून पोलिसांकडे धावावे, तसा हा प्रकार. फरक एवढाच, की येथे खरे-खोटे ठरवायला मिनिटे होती पाच-सहा.

ही इशारा देणारी यंत्रणा चालते तरी कशी? क्षेपणास्त्र सुटते तेव्हा त्याच्या बुडाशी प्रचंड ज्वाळा असते. त्या ज्वाळेची धग अंतराळातले उपग्रह टिपतात. पुढे क्षेपणास्त्र क्षितिजावर आले, की जमिनीवरचे रडार आपल्या लहरी त्याच्यावर आपटून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून त्याचा वेग नि दिशा काढते. या दोन्हींची बेरीज संगणक करतो, आणि शेवटी खुर्चीवर बसलेला माणूस ठरवतो, की वर कळवायचे की नाही. म्हणजे डोळे दोन, गणित करणारा एक आणि निर्णय घेणारा एक. यांपैकी कोणीही चुकू शकतो, आणि इतिहास सांगतो की प्रत्येक जण चुकला आहे.

५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलँडमधल्या थुले येथील अमेरिकेच्या नव्या रडारने मोठ्या हल्ल्याचा इशारा दिला. आपल्याकडे कोजागिरी नुकतीच झाली होती. तिकडे नॉर्वेच्या दिशेने चंद्र उगवत होता, आणि रडारच्या लहरी थेट चंद्रावर आपटून परत येत होत्या! येथे माणसाच्या साध्या व्यवहारज्ञानाने काम केले. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह त्या दिवसांत राष्ट्रसंघाच्या अधिवेशनासाठी खुद्द न्यूयॉर्कमध्ये होते. आपलाच नेता शत्रूच्या घरी पाहुणा असताना त्या घरावर कोण मारा करील? ३ जून १९८० ला पुन्हा असाच इशारा आला. पडद्यावर शून्याच्या जागी मधूनच दोनचा आकडा उमटू लागला, क्षणात क्षेपणास्त्रे दोन, क्षणात दोनशे. शोधाअंती दोष निघाला तो ४६ सेंट किमतीच्या एका चिपमध्ये. त्या काळच्या हिशेबाने तीनचार रुपयांची ती वस्तू!

परंतु या साऱ्यांत मला मोठी वाटते ती २६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव्ह-१५ नावाच्या गुप्त केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्टॅनिस्लाव पेत्रोव्ह हा ४४ वर्षांचा अधिकारी पाळीवर होता. काळ मोठा वाईट होता. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी रशियन विमानाने वाट चुकलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि त्यात २६९ माणसे दगावली होती. दोन्ही महासत्ता एकमेकींकडे डोळे वटारून उभ्या होत्या. अशात भोंगा वाजला. अमेरिकेने एक क्षेपणास्त्र सोडले, असे उपग्रह सांगत होता. मग आणखी चार. यंत्राच्या मते खात्री पूर्ण होती.

पेत्रोव्हने काय केले? तो विचार करत बसला. ज्याला युद्ध सुरू करायचे आहे, तो पाचच क्षेपणास्त्रे का सोडील? जमिनीवरच्या रडारला काहीच का दिसत नाही? ही उपग्रहयंत्रणा तर अगदी नवी, तिच्यावर कितपत भरवसा ठेवायचा? त्याने वर कळवले, की हा इशारा खोटा आहे. त्याला पक्के ठाऊक होते असे नाही. पुढे त्याने स्वतःच तसे सांगितले. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेले ऊन उपग्रहाने क्षेपणास्त्रांची ज्वाळा समजून टिपले होते, हे नंतर उघड झाले. या कामगिरीबद्दल त्या वेळी त्याला मानपत्र मिळाले म्हणाल, तर नाही. त्या रात्री नोंदवही नीट भरली नाही, म्हणून बोलणी मात्र खावी लागली. २०१७ साली तो साध्या निवृत्तासारखा मरण पावला. ज्याने दफ्तर कोरे ठेवले आणि जग राखले, त्याला दफ्तराबद्दल जाब विचारावा, हा न्याय आम्हा सरकारी नोकरांना काही नवा नाही!

मी इतिहासाचा विद्यार्थी. हे सारे वाचताना मला राहून राहून पानिपत आठवते. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव गोळी लागून पडले आणि सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले. आपल्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे, की भाऊंची मोकळी अंबारी पाहून दूरवर लढणाऱ्यांना वाटले, भाऊही पडले. तेथून फौजेचा धीर सुटला. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत. उपासमार होती, थंडी होती, आपसांतली दुही होती. तथापि ती मोकळी अंबारी विसरता येत नाही. डोळ्यांनी जे पाहिले ते खरे होते. त्याचा जो अर्थ लावला तो खोटा होता. आणि त्या गर्दीत कोणाला विचारायला उसंत नव्हती, विचारायला जागाही नव्हती. उपग्रहाने पाहिलेले तेजही खरेच होते. अंबारी मोकळी दिसली, एवढ्यावर भाऊ पडले असे न म्हणणारा एक माणूस त्या रात्री मॉस्कोजवळ खुर्चीवर होता, इतकेच.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगतो. दोष पोराचा, कारण पोर खोटे बोलले. आमच्या भागात आता ती गोष्ट वेगळ्या रीतीने घडते. तिप्पेश्वरच्या अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून अलीकडे येतात. रात्री जागलीला गेलेल्या शेतकऱ्याला तुरीत काही हलताना दिसते आणि तो ओरडतो, "पुली वच्चिंदी!" मराठी असो की तेलुगू, ही हाक सर्वांना कळते. गाव काठ्या-बॅटऱ्या घेऊन धावते, तर निघते रानडुक्कर. येथे कोणी खोटे बोललेले नाही. जागल करणाऱ्याने आपले काम केले. पण असे तीनदा झाले, की चौथ्या हाकेला कोणी अंथरूण सोडत नाही, आणि वाघ काही आपल्या हाका मोजून येत नाही. म्हणजे खोटा इशारा दोन्हीकडून कापतो. विश्वास ठेवला तर उगाच हात उगारला जातो, आणि विश्वास सोडला तर खऱ्या वेळी दार उघडे राहते.

आता कोणी म्हणेल, हेडमास्तर, हे अमेरिका-रशियाचे वाडे, आपल्या झोपडीला त्याचे काय? त्याचे उत्तर आपल्याच नाशिकमध्ये आहे.

२७ फेब्रुवारी २०१९. पुलवामाचा घातपात, नंतर बालाकोटचा हवाई हल्ला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही सकाळ. सीमेवर दोन्ही देशांची लढाऊ विमाने आमनेसामने आली होती. त्याच सुमारास श्रीनगरहून उडालेले आपल्या हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगाम जिल्ह्यात कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक, असे सात जीव गेले. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. आधी तो अपघात वाटला. चौकशीत निष्पन्न झाले ते भयंकर होते. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले होते. शत्रूचे काही येत आहे, असा समज झाला होता. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी त्या वेळच्या हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक होती, हे जाहीरपणे मान्य केले.

अशा वेळी आपले कोण नि परके कोण, हे ओळखण्याची सोय विमानांत असते. खालून रडार सांकेतिक प्रश्न विचारते, वरून विमानातले यंत्र सांकेतिक उत्तर देते. किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकऱ्याने "कोण आहे?" म्हणून हटकावे आणि येणाऱ्याने परवलीचा शब्द सांगावा, तशीच ही रीत. त्या सकाळी ही ओळखीची यंत्रणा बंद होती, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. मला येथे कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. ते काम लष्करी न्यायालयांचे. पण पेत्रोव्हपाशी जे होते आणि येथे जे नव्हते, ते डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे. पेत्रोव्हला दुसऱ्या रडारला विचारता आले, आणि विचार करायला काही मिनिटे मिळाली. बडगामला परवलीचा शब्द मिळालाच नाही, आणि वेळ होता क्षणांचा. ज्या गोदावरीच्या काठी मांडवगणे यांचे शहर आहे, त्याच गोदावरीचे पाणी पुढे आपल्या बासरला सरस्वतीच्या पायांशी येते. हे दुःख दूरचे कसे म्हणावे?

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी आपले एक क्षेपणास्त्र, देखभालीचे काम चालू असताना, चुकून सुटले आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्याच्या अग्रावर स्फोटके नव्हती, प्राणहानी झाली नाही. दोन दिवसांनी, ११ मार्चला, आपल्या सरकारने चूक मान्य करून खेद व्यक्त केला. ऑगस्टमध्ये तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढण्यात आले. त्या संध्याकाळी सीमेपलीकडच्या रडारवर ते येताना दिसत होते. हा इशारा तर खोटाही नव्हता; क्षेपणास्त्र खरेच येत होते, खोटा होता तो फक्त हेतू. समोरच्याने हात आवरला, म्हणून ती बातमी झाली, इतिहास झाला नाही. शत्रू असला, तरी त्या संध्याकाळच्या धीराबद्दल त्याला त्याचे माप दिलेच पाहिजे.

आपल्या बाबतीत खरी अडचण अंतराची आहे. अमेरिका आणि रशिया यांच्यामध्ये क्षेपणास्त्राला पोहोचायला सुमारे अर्धा तास लागतो. त्यातही त्यांना धाप लागत असे. भारत आणि पाकिस्तान हे एका बांधाचे शेजारी. येथे सारा हिशेब दहा मिनिटांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही कमी वेळाचा. तेवढ्यात इशारा येणार, तपासला जाणार, वर कळणार आणि निर्णय होणार! म्हणून आपल्याकडे यंत्र किती तेज, यापेक्षा आधीच काय ठरवून ठेवले आहे, याला अधिक मोल आहे. तसे काही ठरलेलेही आहे. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची आगाऊ सूचना देतात. २००३ साली भारताने जाहीर केलेल्या धोरणात, अण्वस्त्र आपण पहिल्यांदा वापरणार नाही, असे म्हटले आहे. नुसत्या इशाऱ्यावर विसंबून उठण्याची घाई त्यामुळे टळते. दोन्हीकडच्या लष्करी कारवाई प्रमुखांमध्ये थेट दूरध्वनी आहे. १० मे २०२५ रोजी चार दिवसांचा संघर्ष थांबला, तो त्या दोघांच्या दूरध्वनीवरील बोलण्यातूनच.

मात्र ठरवलेले कागदावर राहून चालत नाही. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेतून उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश अभ्यासण्यासाठी एक शास्त्रीय अग्निबाण उडाला. नॉर्वेने रशियाला तशी पूर्वसूचना आधीच्या महिन्यातच पाठवली होती. ती मॉस्कोच्या कचेरीत पोहोचली, पण रडारवर बसलेल्या माणसांपर्यंत गेली नाही. परिणामी अण्वस्त्रांची आज्ञा देण्याची पेटी अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे उघडली गेली. परिपत्रक तालुक्याला येऊन पडते आणि शाळेला परीक्षा झाल्यावर मिळते, हे आम्ही नित्य पाहतो. एका टपालाच्या दिरंगाईने जग काठावर जाऊ शकते, हे मात्र त्या दिवशी कळले.

२०२३ साली केंद्र सरकारने आपत्तीच्या इशाऱ्याची मोबाईलवरून चाचणी घेतली, ती आपल्याला आठवत असेल. आमच्या शिक्षकांच्या खोलीत सारे फोन एकदम कर्कश वाजू लागले. कोणाच्या पडद्यावर इंग्रजी, कोणाच्या पडद्यावर तेलुगू. हा नमुना संदेश आहे, काही करू नका, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पण दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक करणाऱ्या आमच्या मावशींना त्यातले अक्षरही कळेना. पदराने हात पुसत त्या धावत आल्या. "मास्तर, काय झालं हो? पोरं बाहेर काढू का?" एका शिक्षिकेने त्यांना मराठीत समजावले, तेव्हा त्या खाली बसल्या. मला ४४ वर्षांपूर्वीचा आमचा ओटा आठवला. तेव्हाही शब्द परका होता, म्हणूनच भीती एवढी वाढली होती.

त्या दिवशी दहावीच्या वर्गात मी हवाईची हकीकत सांगितली. १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी त्या बेटांवरच्या फोनवर संदेश आला, की क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, हा सराव नाही. एका कर्मचाऱ्याने सरावाला खरे समजून तो पाठवला होता. चूक झाल्याचा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटे लागली. तेवढ्या वेळात कोणी लेकरांना स्नानगृहात लपवले, कोणी घरच्यांना अखेरचे निरोप पाठवले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने विचारले, "सार, इशारा पाठवायचं बटण होतं, मग 'चुकलं' म्हणायचं बटण का नव्हतं?"

मी ३० वर्षे शिकवतो आहे. या विषयावर याहून नेमका प्रश्न मी कोणा विद्वानाच्या तोंडून ऐकलेला नाही. त्या खात्यात अशी पुसून टाकण्याची तयारी आधी केलेलीच नव्हती, हेच चौकशीतही निघाले.

आमच्या शाळेत त्यानंतर एक छोटी गोष्ट केली. संकटाची घंटा वाजवण्याची रीत ठरलेली होतीच. आता ती मागे घेण्याची वेगळी घंटा ठरवली, आणि दोन्ही घंटांचा अर्थ फळ्यावर तेलुगूत नि मराठीत लिहून ठेवला. मावशींना तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हे आधीच केलं असतं तर माझा भात करपला नसता."

भाताचे मी काही बोललो नाही. आजोबांचा बोकड मात्र आठवला.